करोल बाग गेलं, बाबा

आता तुम्हीच सांगा मंडळी, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर? नाही, सोन्याचं नाही विचारत. सोन्याचं मला कळतं. करोल बागेत माझं गलाईचं दुकान आहे, म्हणजे लोक जुने दागिने आणतात, मी ते भट्टीत वितळवतो, त्यातलं हिणकस बाजूला काढतो आणि शुद्ध सोनं हातावर ठेवतो. गिऱ्हाईक बांगडी पुढे सरकवतं, म्हणतं, 'भाईसाहब, दादी की है, एकदम खालिस.' मी मान डोलावतो, चहा मागवतो, दादीच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि बोलता बोलता बांगडी कसोटीच्या दगडावर घासतो. रेघ उठली, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला, की दादी किती खालिस होती ते आपोआप दिसतं. दादीवर माझा राग नाही, दगडावर विश्वास आहे, एवढंच. पण घरात अकरावीतली पोर असेल, आणि ती गप्प झाली असेल, आणि जो भेटेल तो तिच्याबद्दल वेगळंच काहीतरी सांगत असेल, तर दगड आणायचा कुठून?

आणि आज बघा ना, विषय काय तर 'अस्वस्थ मुलं आणि आपण', बोलायला यायच्या होत्या त्या पुण्याच्या तज्ज्ञ बाई, त्यांचं विमान अडकलं धुक्यात, आणि आपले मंडळाचे अध्यक्ष यशोधन साहेब मला म्हणतात, 'हणमंतराव, बाई येईपर्यंत जरा पाच मिनिटं सांभाळा.' मी? नववीतून शाळा सोडून मामाच्या भट्टीवर आलेला माणूस मी. मला माइक दिला की पाच मिनिटांचं काय होतं हे साहेबांना माहीत आहे, गेल्या गणपतीत आरती लांबली होती ती कुणामुळे? पण उभा राहिलोय. उभा राहायच्या आधी परवानगी घेतलीय, कुणाची ते शेवटी सांगतो.

तर माझी मुलगी तनया. दहावीपर्यंत काही चिंताच नव्हती हो. मार्क असे की गावाकडे, आमच्या खानापूर तालुक्यात, चुलतभाऊ उदयसिंहने एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. तनयाचा फोटो, मागे उगवता सूर्य, एका कोपऱ्यात स्टेथोस्कोप, खाली 'भावी डॉक्टर' आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून अर्धं गाव. मी तो फोटो आमच्या दिल्लीतल्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, दुकानातल्या काचेवर चिकटवला, बाजूच्या दुकानातल्या चोप्राजींना तर त्यातलं मराठी वाचून दाखवलं. तनया म्हणाली, 'बाबा, नको ना.' मी म्हटलं, लाजतेय.

मग अकरावी. सायन्स. पोर हळूहळू गप्प होत गेली. आधी 'हो बाबा, आज ना' अशी सुरुवात व्हायची, मग नुसतं 'हो', मग नुसती मान. जेवताना ताटाकडे बघायचं, ताटात उत्तर लिहिलंय असं. तेव्हा मी काही बोललो नाही. म्हणजे थोडंसं बोललो. म्हटलं, वय आहे, अभ्यास आहे, दिल्लीची हवा खराब आहे, मी तुझ्या वयात भट्टीचा पंखा ओढत होतो, चोप्राजींचा मुलगा बघ, पालक खा. एवढंच.

आणि एक दिवस दुकानात फोन. शाळेतून. 'तनया के पापा बोल रहे हैं? तनया काफ़ी दिनों से आ नहीं रही, तबीयत ठीक है ना?'

मंडळी, तेव्हा माझ्या एका हातात चिमटा, चिमट्यात मूस, मुशीत कुणाच्या तरी लग्नातलं सोनं, लालभडक, पातळ. हात हलला असता तर पाय गेला असता. मी मूस खाली ठेवली आणि म्हटलं, 'मॅडम, कुछ ग़लतफ़हमी है, वो तो रोज़ जाती है.' रोज सकाळी युनिफॉर्म, पाठीला दप्तर, नीलाने, म्हणजे आमच्या हिने, भरलेला डबा, आणि दुपारी डबा रिकामा परत. डबा खाल्ला म्हणजे शाळा झाली, हा आमच्या घरचा हिशेब. मॅडम म्हणाल्या, 'ऐप पर रोज़ ऐब्सेंट का मैसेज जाता है, आपने देखा नहीं?' आता ते ॲप माझ्या फोनमध्ये आहे, हे खरं. पण माझ्या फोनमधलं काय कुठे आहे ते शोधून कोण देतं? तनया. झालं. तिजोरीची चावी तिजोरीतच.

मग जाते कुठे? हा प्रश्न तुमच्या पोटात कधी शिरला नसेल तर देव करो आणि न शिरो. दुकानात बसून मी मनातल्या मनात तिला कुठे कुठे नेऊन सोडलं, विचारू नका. बातम्यांत जे जे येतं ते सगळं माझ्या पोरीला झालं. कुणीतरी फसवलंय, कसली तरी गोळी खातेय, पळून जाणार आहे... आणि एक विचार असा आला की तो मी मधेच तोडला आणि उठून उगाच दुकानाच्या पायरीवर पाणी मारलं. चोप्राजी म्हणाले, 'क्या हुआ भाऊजी?' मी काही बोललो नाही. म्हणजे थोडंसं बोललो. म्हणजे सगळंच सांगितलं.

चोप्राजी म्हणाले, 'फ़ोन छीन लो. सारी बीमारी फ़ोन की है.' हे सांगताना त्यांच्या हातात दोन फोन. तेवढ्यात गावावरून उदयसिंहचा फोन, त्याला कसं कळलं देव जाणे, बहुतेक मीच ग्रुपवर 'एक विचारायचं होतं' असं टाकलं होतं. तो म्हणतो, 'दादा, कायबी टेन्शन घेऊ नगा. पोरगीला जत्रंला धाडा. देवाला नारळ फोडू, चार दिस मटण खाईल, सरळ हुतीय.' आणखी एकाने व्हिडिओ पाठवला, त्यात कोटातला एक माणूस म्हणतो, मुलांचे मित्र बना. दुसऱ्याने पाठवला, त्यात दुसऱ्या कोटातला म्हणतो, मित्र बनू नका, बाप बना. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

शेवटी मी माझ्या पद्धतीवर आलो. कस लावायचा. घरी गेलो, चेहरा एकदम साधा, दादीच्या गुडघ्यांची चौकशी करतो तसा. म्हटलं, 'काय तनू, आज शाळेत काय झालं?'

'काही नाही.'

'फिजिक्सला काय शिकवलं?'

'लाईट.'

'अच्छा. लाईटचं काय?'

'बाबा, लाईट.'

मला पुढे काय विचारायचं तेच येईना, नववीत लाईट येतच नव्हता, शाळेत पण आणि गावात पण. दुसऱ्या दिवशी तिच्याच पुस्तकातलं पान पाठ करून आलो. म्हटलं, 'आरसा बहिर्वक्र असला तर प्रतिमा कशी पडते?' तिने माझ्याकडे असं पाहिलं... मंडळी, बनावट दागिना आणणारं गिऱ्हाईक चिडतं, भांडतं, पोलिसाचं नाव घेतं. ही चिडली नाही. हळूच म्हणाली, 'बाबा, दगडावर घासलं की थोडं थोडं सोनं जातं ना?' लहानपणी सुट्टीत दुकानात येऊन बसायची, तिला सगळं माहीत. मी म्हटलं, 'जातं की, अगदी कणभर, पण त्याशिवाय कळणार कसं?' तिने ताट उचललं आणि आत गेली. मी नीलाला म्हटलं, 'बघ, धंद्यात लक्ष आहे पोरीचं.' नीला म्हणाली, 'अहो, तुम्हाला खरंच कळत नाही, की तुम्ही तसं करता?'

दुसऱ्या दिवशी नीलाने मला शाळेत नेलं, समुपदेशक मॅडमकडे. अरोरा मॅडम. तरुण बाई, टेबलावर एक छोटं कॅक्टस. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार, हिला अजून मुलं नसतील. म्हणाल्या, 'बताइए, तनया कैसी है?' आणि मी सुरू झालो. जन्मापासून. पहिलं पाऊल, पहिला दात, दहावी, फ्लेक्स, फ्लेक्सवरचा सूर्य, चोप्राजी, पालक, माझं बालपण, मामाचं बालपण. नीला टेबलाखालून पाय मारतेय. मॅडम ऐकताहेत. माझं आवरल्यावर त्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, 'भाऊजी, इतनी देर में आपने मुझे तनया का कहा हुआ एक भी वाक्य नहीं सुनाया.'

मी तोंड उघडलं. म्हटलं आत्ता सांगतो, एक काय दहा सांगतो. आणि मंडळी, आठवेना. 'बाबा, लाईट' हे सांगायचं का? 'बाबा, नको ना' हे सांगायचं? मी काही बोललो नाही. म्हणजे थोडंसं बोललो, म्हटलं, 'एसी ज़रा तेज़ है.'

मॅडमनी काम दिलं. 'आप व्यापारी हैं, हिसाब जानते हैं. रोज़ शाम को अपने मन में हिसाब कीजिए. आज वो कितना बोली और मैं कितना बोला. बस. ईमानदारी से.' आणि दुसरं, तिला पकडायचं नाही, उलटतपासणी नाही, नुसतं जवळ राहायचं. मी म्हटलं, मॅडम, जवळ राहू कसा, ती कुठे जाते तेच माहीत नाही. त्या म्हणाल्या, तेवढं बघा, पण चोराच्या मागे जातात तसं नका जाऊ.

आता चोराच्या मागे जातात तसं न जाता मागे जायचं कसं, हे शाळेत शिकवत असतील तर मी नववीत सोडली ती चूक झाली. सकाळी ती निघाली, मी पायात येईल ती चप्पल घालून मागे. आमच्या घराजवळच्या, द्वारकेच्या मेट्रो स्टेशनवर ती फलाटाच्या पार पुढच्या टोकाला, मी खांबाआड. फलाटाच्या कडेला ती पिवळी पट्टी असते ना? रोज तिच्याशेजारी उभा राहतो मी, ग्रुपवरचे विनोद वाचत. त्या दिवशी मला पट्टीशिवाय काही दिसेना. तिचे बूट आणि पट्टी. गाडीचा आवाज आला आणि तुम्हाला सांगतो, मी डोळे मिटून घेतले. बाप असून डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दारं उघडी, आणि ती रांगेत उभी राहून शहाण्यासारखी पहिल्या डब्यात, लेडीज डब्यात, चढत होती. कसाबसा दुसऱ्या डब्यात शिरलो.

तिच्या शाळेचं स्टेशन आलं. दारं उघडली. तिच्यासारखाच युनिफॉर्म घातलेली पोरं हसत, ढकलाढकली करत उतरली. ती उठली, दारापर्यंत गेली... आणि थांबली. दांड्याला धरलेला हात पांढरा पडलेला मला इकडून दिसत होता. दारं बंद झाली. ती परत जाग्यावर येऊन बसली. बस, एवढंच. कसली गोळी नाही, कुणी फसवणारा नाही. माझी पोर रोज शाळेच्या दारापर्यंत जात होती आणि तिथून पुढे तिला जाता येत नव्हतं.

मी बघता बघता पुढे सरकत गेलो, कारण मेट्रोचे डबे आतून जोडलेले, आणि माझी चप्पल त्या गुलाबी पाटीच्या पलीकडे कधी गेली ते कळलंच नाही. एक काकू ओरडल्या, 'ओ भाईसाहब, लेडीज़ कोच है, पढ़ना नहीं आता?' अख्ख्या डब्याने वळून बघितलं. तिनेही. मला वाटलं, आता पोर संपली, आयुष्यभर तोंड बघणार नाही माझं. ती उठली, दप्तर उचललं, काकूंना म्हणाली, 'सॉरी आंटी, मेरे पापा हैं,' आणि माझ्या डब्यात येऊन माझ्याजवळ उभी राहिली. दोन जागा झाल्या, बसलो.

आता माझ्या डोक्यात किती प्रश्न? का? कधीपासून? आईला काय वाटेल? उदयसिंहला काय सांगू? सगळे जिभेवर येऊन बसलेले, प्रवासी गाडीची दारं उघडायची वाट बघत असतात तसे. आणि मी बघितलं, तिची बोटं दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. लहानपणी ताप चढला की चादरीशी करायची तसा.

मी काही बोललो नाही.

राजौरी गार्डन गेलं. पटेल नगर गेलं, त्यापुढचंही एक गेलं. घोषणा झाली, अगला स्टेशन करोल बाग. दारं उघडली, समोर माझं स्टेशन, खाली बाजार, त्यात माझं दुकान, दुकानासमोर ठरलेलं गिऱ्हाईक उभं असणार. दारं बंद झाली.

तनया म्हणाली, 'करोल बाग गेलं, बाबा.'

मी म्हटलं, 'जाऊ दे.'

मंडळी, आयुष्यात मी केलेलं सगळ्यात छोटं भाषण ते. आणि त्यावर पोरीने माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच महिन्यांनी नीट पाहिलं. राजीव चौकला गाडी रिकामी होऊन परत भरली. पुढे यमुना आली, आणि तिथे ती बोलायला लागली. मधे एकदा मला राहवलं नाही, मी 'अगं पण' म्हणून तोंड उघडलं, तर तिने डब्यातला पोळीचा घास माझ्या तोंडात कोंबला. मेट्रोत खाणं चालत नाही, मला माहीत आहे, पण माझ्या 'अगं पण'पेक्षा तो गुन्हा लहान होता. नोएडापर्यंत ती बोलली, गाडी बदलून परत द्वारकेपर्यंत बोलली. मेट्रोत फार वेळ राहिलं तर बाहेर पडताना दंड लागतो, म्हणून ती रोज मधेच एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरायची, हेही त्यात सांगितलं. शेवटी पोर व्यापाऱ्याची आहे.

आणि आणखी एक सांगितलं. म्हणाली, 'कधी कधी मी फिरून परत द्वारकेला यायचे आणि पुन्हा उलट गाडीत बसायचे, तेव्हा तुम्ही दुकानाला जायला गाडीत चढताना दिसायचा. त्याच गाडीत, मागच्या डब्यात. तुम्ही फोनवर बोलत असायचा.' मी कुणाशी बोलत असणार? चोप्राजींशी. कशाबद्दल? पोर गप्प झालीय याबद्दल.

बाकी ती काय म्हणाली? ते सांगणार नाही. यशोधन साहेब, भुवया वर करू नका, मलाही नवीन आहे हे. जीभ कशी वळवळतेय ते माझं मला ठाऊक. पण ते तिचं आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये एकदा सगळं पुसलं गेलं आणि तेव्हापासून शाळेच्या दाराशी श्वास अडकतो, एवढंच सांगायची तिने परवानगी दिलीय. नीलालासुद्धा तिने स्वतः सांगितलं, तिला हवं तेव्हा. चोप्राजी रोज विचारतात, 'फिर क्या निकला भाऊजी?' मी त्यांना चहा पाजतो. चोप्राजी माझ्यावर नाराज आहेत.

मग सगळं ठीक झालं का? तुम्हाला काय वाटतं, भट्टीतून काढलं की झालं? अरोरा मॅडमनी शाळेशी बोलून ठेवलंय. सध्या ती उशिरा जाते, गर्दी ओसरल्यावर, आधी मॅडमच्या खोलीत, त्या कॅक्टससमोर. एक डॉक्टरही बघतात. काही दिवस वर्गापर्यंत जाते, काही दिवस दारापर्यंत. ज्या दिवशी दारापर्यंतच, त्या दिवशी मला फोन करते, मी शटर अर्धं ओढून स्टेशनवर येतो आणि आम्ही जरा फिरतो. फलाटावर ती पट्टी दिसली की मी अजून तिचा बूट बघतो. हे असंच किती दिवस, मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. बाकी सगळ्यांना सांगता येत होतं.

तो फ्लेक्स मात्र उतरवायचा होता. ते काम माझं. उदयसिंहला फोन केला, म्हटलं, काढ तो. तो म्हणतो, 'दादा, त्यो कवाच काढला की. सरपंचाचा वाढदिवस हुता, फ्रेम पायजे हुती. तुमचा फ्लेक्स गोठ्यावर टाकलाय, पावसात गळत हुतं. लई झ्याक बसलाय, आता म्हशीच्या अंगावर थेंब पडत न्हाई.' मी घाबरत घाबरत तनयाला सांगितलं. ती बघतच राहिली, आणि मग हसली हो. पोट धरून हसली. म्हणाली, 'म्हशीला तरी डॉक्टर मिळाली.' नीला स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पोर रडतेय.

आणि आजचं. यशोधन साहेबांनी विचारल्यावर मी आधी तनयाला विचारलं. ती म्हणाली, 'फ्लेक्स लावला तेव्हा विचारलं नव्हतं.' मी म्हटलं, 'म्हणूनच आता विचारतोय.' तेव्हा ती म्हणाली, 'तुमचं सांगा, माझं नको. आणि स्वतःला शहाणं करून नका सांगू. मी मागे बसून ऐकणार आहे.' ती बघा, मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची. वळून नका बघू हो सगळेच... झालं, वळलेच.

तिने हात वर केलाय. म्हणजे पुरे. पाच मिनिटं कधीच गेली, पुण्याच्या बाईही येऊन उभ्या आहेत असं दिसतंय. बसतो. फक्त एक विनंती आहे. संध्याकाळी आमच्या घरी रोज तो हिशोब होतो, ती किती बोलली आणि मी किती बोललो. काल तिचं पारडं थोडं जड होतं, आज मी सगळं घालवलं. बाहेर पडताना ती तुमच्यापैकी कुणालाही विचारील, बाबांनी माझं काही सांगितलं का, आणि एकूण किती बोलले. तेव्हा माझ्याकडे बघू नका, मला सांभाळून घेऊ नका, हिशोब खरा ठेवा. माझ्या नावावर मणभर लिहा, मी काही बोलणार नाही.

म्हणजे... थोडंसं बोलीन.